बारडोलीतलं नागपूर

नागपूर शहराची हद्द गुजरातेत बारडोलीवर जाऊन बसलेली मी पडद्यावर पाहिली आहे. यवतमाळ अरबी समुद्रात, दमणच्या पश्चिमेला. पुण्यातले झाडून सगळे दवाखाने नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटालगतच्या पाण्यात. वेबवरच्या नकाशांच्या कामात नव्याने आलेल्या माणसाला असं काही दिसलं की तो आधी दचकतो आणि मग घाईघाईने कोड उघडतो. माझा सल्ला उलटा असतो. कोड राहू दे, आधी मोज. वस्तू किती लांब गेली आणि कोणत्या दिशेला गेली, एवढं कळलं की बऱ्याचदा कोड न उघडताच चुकीचं नाव सांगता येतं.

नागपूरचंच घ्या. बारडोली आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, म्हणजे शहर उत्तर-दक्षिण हललेलंच नाही. सरळ पश्चिमेला गेलं, सहाशे किलोमीटरहून जास्त, आणि अंशांत मोजलं तर बरोबर सहा अंश. सहा म्हटल्यावर या धंद्यातल्या कुणालाही यूटीएम आठवतं. त्या पद्धतीत पृथ्वी सहा-सहा अंशांच्या साठ उभ्या पट्ट्यांत कापलेली असते आणि प्रत्येक पट्ट्याचा आपापला सपाट कागद असतो. महाराष्ट्राच्या नशिबी दोन पट्टे आले आहेत. ७२ ते ७८ अंश रेखांश हा ४३ वा पट्टा आणि त्यापुढे ८४ पर्यंत ४४ वा. या दोन पट्ट्यांमधली सीमा विदर्भातून जाते. अकोला, अमरावती अलीकडे. वर्धा, नागपूर पलीकडे. यवतमाळ जिल्हा तर मधोमध चिरला गेला आहे, पुसद ४३ मध्ये आणि यवतमाळ शहर ४४ मध्ये.

यातली खरी खोच अशी, की नुसत्या आकड्यांवरून पट्टा ओळखता येत नाही. प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या रेघेला ५,००,००० मीटर ही किंमत दिलेली असते, त्यामुळे साठही पट्ट्यांतले आकडे एकाच तोंडवळ्याचे दिसतात. पट्टा सांगणारी माहिती वेगळ्या, चिमुकल्या फाइलीत असते. शेपफाइल म्हणतात ती मुळात एक फाइल नसून चार-पाच फाइलींचं बिऱ्हाड आहे. ईमेल करताना, पेन ड्राइव्हवर घेताना त्यातली ही चिमुकली, पीआरजे नावाची फाइल मागे राहते. पाठवणाऱ्याला ती बिनकामाची वाटते, कारण तिच्याशिवायही नकाशा उघडतो. उघडतो, पण सॉफ्टवेअर मग अंदाज बांधतं किंवा माणूस बांधतो, आणि मुंबई-पुण्यात काम केलेल्या माणसाचा हात सवयीने ४३ वर जातो. यवतमाळ बुडतं ते असं.

अवांतर सांगायचं तर, भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्टन दक्षिणेतून मोजत मोजत वर आला तो साधारण याच ७८ अंशांच्या आगेमागे. १८२३ मध्ये तो वारला तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. यूटीएमच्या रेघेचा आणि त्याच्या मोजणीचा संबंध काही नाही, निव्वळ योगायोग. पण आमच्या कामातला एक अवघड दगड त्याच्याच माणसाने ठेवलेला आहे, त्याकडे पुढे येतो.

पुण्याचे दवाखाने आर्क्टिकात जातात तेव्हा अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झालेली असते. १८.५ उत्तर, ७३.८ पूर्व हे उलटं वाचलं की ७३.८ उत्तर, १८.५ पूर्व. नागपूर याच चुकीने स्वालबार्डमध्ये पोचतं. ही चूक बावळटपणाची वाटते, पण तिच्यामागे मोठमोठ्या लोकांचं न मिटलेलं भांडण आहे. खलाशी, भूगोलवाले आणि शाळेची पुस्तकं आधी अक्षांश म्हणतात. गणितवाले आधी आडवा अक्ष म्हणतात, म्हणजे रेखांश. नकाशांची माहिती साठवण्याच्या जिओजेसन या पद्धतीचं २०१६ चं मानक रेखांश आधी सांगतं. त्याच जिओजेसनला पडद्यावर दाखवणारी लीफलेट ही लायब्ररी स्वतःच्या फंक्शनांत अक्षांश आधी मागते. नकाशे पुरवणाऱ्या डब्ल्यूएमएस सेवेच्या १.३.० आवृत्तीत क्रम उलटला, आणि २०१९ मध्ये जीडाल या सर्वांच्या पायाखालच्या लायब्ररीने तिसऱ्या आवृत्तीत क्रमाचे नियम अधिक काटेकोर केले, तेव्हा नुसता सर्व्हर अद्ययावत केल्यावर अख्खे जिल्हे ध्रुवाकडे निघाले. कोडात कुणी एक अक्षर बदललेलं नव्हतं.

आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे भेटतात तिथे आमच्या क्षेत्रातला सगळा हरवलेला माल सापडतो. पण तिथेही बारकाईने बघावं लागतं. अंशांतले आकडे मीटर म्हणून वाचले गेले तर पुणे ठीक शून्यावर पडत नाही. ते पूर्वेला ७४ आणि उत्तरेला साडेअठरा मीटरवर पडतं. कोल्हापूर, नाशिक, चंद्रपूर सगळी शेजारीशेजारी. अख्खा महाराष्ट्र साधारण आठ मीटर बाय साडेसहा मीटरमध्ये बसतो, एखाद्या वर्गखोलीएवढा. पुरेसं झूम करून बघितलं तर त्या समुद्रात राज्याचा आकार नीट ओळखूही येतो. आकार ओळखू आला तर एककं चुकली आहेत. सगळे बिंदू एकावर एक, अगदी शून्यावर असतील तर आकडाच हरवला आहे. दोन्हींची औषधं वेगळी.

आता लॅम्टननंतर आलेला जॉर्ज एव्हरेस्ट. १८३० मध्ये त्याने पृथ्वीच्या आकाराचं, म्हणजे एका लंबगोलाचं, जे माप बसवलं, त्याला थोड्याफार सुधारणा होत राहिल्या, पण भारताच्या जुन्या टोपोशीट त्याच मापावर बेतलेल्या आहेत. ते माप भारतापुरतं उत्तम होतं. उगम मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरचा, आणि तिथून ते भारताच्या जमिनीला चपखल बसवलेलं. पण त्या लंबगोलाचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्यापासून आठशेहून अधिक मीटर बाजूला आहे. जीपीएस वापरतं ते डब्ल्यूजीएस ८४ हे माप पृथ्वीच्या मध्याला धरून असतं. परिणामी एकाच दगडाला दोन पत्ते मिळतात. टोपोशीटचे कोपरे संगणकावर बसवताना तिथे छापलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे भरले आणि माप बदललं नाही, तर पुणे-रत्नागिरीच्या भागात सगळं काही सव्वाशे-दीडशे मीटर आग्नेयेला सरकतं.

सव्वाशे मीटर ही सर्वात वाईट जातीची चूक, कारण ती पटते. जिल्ह्याच्या नकाशावर दिसतच नाही. गावाच्या नकाशावर दिसते, पण माणूस म्हणतो, असेल जुना नकाशा. कोकणातल्या एका पाणलोटाच्या कामात टोपोशीटवरून काढलेले ओढे उपग्रहाच्या चित्रावर टाकले, तर प्रत्येक ओढा दरी सोडून शेजारच्या उतारावरून वाहत होता. तिथे बंधाऱ्यांच्या जागा नकाशावर ठरणार होत्या. आधीच्या सल्लागाराने यावर जो तोडगा काढला होता तो मी अनेक ठिकाणी पाहिला आहे आणि मला तो मनापासून नापसंत आहे: सगळा थर उचलायचा, हाताने ओढायचा आणि डोळ्यांना बरा दिसेल तिथे सोडायचा. त्या गावापुरतं जुळतं. पुढच्या तालुक्यात पुन्हा सुटतं, तेव्हा पुढचा माणूस पुन्हा ओढतो. दोन वर्षांनी त्या फाइलीत कोणतं माप आहे हे कुणालाच सांगता येत नाही, कारण ती आता कोणत्याच मापात नसते. माप बदलण्याची सूत्रं आहेत, ती सॉफ्टवेअरमध्ये एका यादीतून निवडायची असतात. सव्वाशे मीटर, आग्नेय, आसपास सगळीकडे जवळपास सारखं: एवढी खूण पटली की यादी उघडायची, माउस बाजूला ठेवायचा.

तेरा किलोमीटर दक्षिणेला गेलेली चूक हल्ली क्वचित भेटते, तरी सांगून ठेवतो, कारण तिच्यामुळे वेब-नकाशांचं मूळ गुपित कळतं. तिच्यात शनिवारवाडा कात्रज घाटाकडे जातो. मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांसाठी काढलेलं प्रक्षेपण आज प्रत्येक फोनमध्ये आहे, याचं कारण फार व्यावहारिक आहे. त्यात कोन जसेच्या तसे राहतात, म्हणून चौकातले रस्ते काटकोनात भेटतात तसेच दिसतात. आणि साधारण ८५ अंशांवर जग वरून-खालून कापलं की उरतो नेमका चौरस, त्याचे चार, सोळा, चौसष्ट असे चौकोनी तुकडे पाडत जाता येतं. २००५ मध्ये गूगलच्या नकाशांनी हे प्रक्षेपण असल्याच चौकोनी तुकड्यांत उचललं, आणि बाकी जग मागे गेलं. गणित हलकं राहावं म्हणून त्यांनी एक सवलत घेतली. अक्षांश-रेखांश लंबगोलावरचे घेतले आणि सूत्र मात्र शुद्ध गोलाचं लावलं. प्रक्षेपणांची अधिकृत यादी सांभाळणाऱ्यांना हे इतकं अशास्त्रीय वाटलं, की सुरुवातीला त्यांनी यादीत जागाच दिली नाही. मग प्रोग्रामरांनी आपलाच एक क्रमांक चालवला, ९००९१३. रोमन लिपीत हे आकडे अक्षरांसारखे वाचले तर कंपनीचं नाव दिसतं. पुढे ३८५७ हा रीतसर क्रमांक मिळाला, तोच आज चालतो. गोल आणि लंबगोल यांतला हा फरक सॉफ्टवेअरला नीट समजावला नाही तर मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर तेरा किलोमीटरचा फटका बसतो, सहसा दक्षिणेला.

पण मर्केटरने मला सर्वात जास्त छळलं ते जागा हलवून नव्हे. जागा बरोबर असताना.

पारनेर तालुक्यातल्या एका गावात शेततळ्यांसाठी शेतांचे नकाशे तयार होत होते. कार्यकर्त्याने टॅबलेटवर बांधाबांधाने बोट फिरवायचं, की क्षेत्रफळ लगेच दिसायचं. अ‍ॅप दुसऱ्या कुणी तरी केलेलं होतं, मला ते तपासायला दिलं होतं. हद्द उपग्रहचित्रातल्या बांधाला बिनचूक चिकटलेली. शेताचे मालक, सत्तरीचे आबा, खांद्यावरून डोकावून बघत होते.

‘‘साहेब, माझं एकराचं रान. सातबाऱ्याला चाळीस गुंठं. तुमच्यात पंचेचाळीस कशी काय?’’

‘‘आबा, नकाशा फुगलाय.’’

‘‘मग शेजारच्याचंबी फुगलं का?’’

‘‘तेवढंच. शेकडा बारा.’’

‘‘मग ऱ्हाऊ द्या. शेतसारा तेवढा चाळिसाचाच लावा.’’

विषुववृत्तापासून दूर जावं तसं मर्केटर लांबी ताणत जातो, आणि कोन टिकावेत म्हणून दोन्ही अंगांनी सारखाच ताणतो. पारनेर १९ अंशांवर आहे. तिथे लांबी शेकडा सहाच्या आसपास वाढते आणि क्षेत्रफळ शेकडा बारा. कन्याकुमारीला हा फुगवटा दोन-तीन टक्के, श्रीनगरला पंचेचाळीसच्या पुढे. ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो ही गोष्ट शाळेतल्या पोरांना ठाऊक असते. तीच गोष्ट आपल्या बांधावर घडत असेल असं मात्र कुणाच्या मनात येत नाही, प्रोग्रामरच्या तर नाहीच. लायब्ररीत क्षेत्रफळ काढायची दोन साधनं असतात. एक पडद्यावरच्या सपाट आकृतीचं क्षेत्रफळ देतं आणि दुसरं गोल पृथ्वीवरचं. पहिल्याचं नाव सुटसुटीत असतं, उत्तर चौरस मीटरमध्येच येतं, चूक म्हणून काही लाल दिसत नाही.

क्षेत्रफळातली चूक निदान आबांच्या नजरेला दिसली. अंतरातली दिसत नाही. महाराष्ट्रात १९९३ च्या भूजल कायद्यापासून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताभोवती ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आलं. असल्या नियमासाठी नकाशावर स्रोत मधोमध धरून वर्तुळ काढतात. ३८५७ च्या कागदावर ५०० चं वर्तुळ काढलं तर जमिनीवर ते सुमारे ४७३ मीटरचं भरतं. उरलेल्या २७ मीटरच्या कड्यात येणारी विहीर नकाशाच्या हिशेबाने बाहेर आणि कायद्याच्या हिशेबाने आत. वर्तुळ मात्र दिसायला अगदी गोल. म्हणून मला कुणी वेब-नकाशा तपासायला दिला, की मी सर्वात आधी एक सरळ रस्ता त्यावर मोजतो, ज्याची लांबी मला दुसरीकडून ठाऊक आहे. सहा टक्के जास्त आली की पुढचं वाचायची गरज नाही.

एवढं सगळं झालं तरी या चुका मला आवडतात. त्या प्रामाणिक असतात. आज तेरा किलोमीटर तर उद्याही तेराच. ब्राउझरच्या चुकांचं तसं नाही, त्या माणूस बघून वागतात.

दोन्ही घराण्यांतली चूक ओळखायची माझी चाचणी एका वाक्याची आहे: नकाशा सरकवून बघा. चूक जमिनीला चिकटून सरकली तर पृथ्वीचं गणित चुकलं आहे. पडद्याला चिकटून राहिली तर ब्राउझर. मग झूम करून बघा. चूक मीटरमध्ये कायम राहिली तर माहिती चुकली आहे. पिक्सेलमध्ये कायम राहिली तर चित्र. ‘‘झूम आउट केलं की आमची शाळा शेजारच्या गावात जाते आणि झूम इन केलं की परत येते,’’ अशी तक्रार आली तेव्हा शाळेचे आकडे बघायचं कारणच नव्हतं. खुणेच्या चित्राचं टोक कोणतं, हे सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे टाचणीचा वरचा कोपरा जागेवर टेकत होता. वीसेक पिक्सेलचा फरक. झूम आउट केल्यावर त्या वीस पिक्सेलांत दोन गावं बसतात.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी बैठक होती. पान प्रोजेक्टरवर मावेना म्हणून कुणीतरी आदल्या संध्याकाळी सगळ्या पानाला ऐंशी टक्क्यांचा आकार देणारी एक ओळ घातली. सकाळी अधिकारी एका तलावावर क्लिक करत होते आणि माहिती दुसऱ्याच तलावाची उघडत होती. सभागृहात लगेच चर्चा सुरू झाली, डेटाच चुकलाय, सर्वेक्षणच पुन्हा करायला पाहिजे. मी पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या तलावावर क्लिक करून दाखवलं, बरोबर. मधल्यावर, थोडं चुकलं. उजव्या खालच्यावर, भलतंच. मग नकाशा सरकवून तोच तलाव डाव्या कोपऱ्यात नेला, आता तोही बरोबर. जमिनीची चूक कोपरा बघून कमी-जास्त होत नाही. ब्राउझर चित्र ऐंशी टक्क्यांनी काढत होता आणि बोटाचं माप शंभर टक्क्यांनी घेत होता. ती ओळ काढली. पुन्हा सर्वेक्षणाचा प्रस्ताव मात्र इतिवृत्तात गेलाच असावा.

इंटरनेट एक्सप्लोररच्या काळातल्या गोष्टी सांगायला बसलो तर लेख संपायचा नाही. तालुक्याच्या कचेऱ्यांत तो फार वर्षं टिकला. त्याच्या सहाव्या आवृत्तीला पीएनजी चित्रांतला पारदर्शकपणा नीट समजत नसे, म्हणून नद्यांचा थर चढवला की खालचा नकाशा राखाडी पत्र्याखाली जायचा. यादीच्या शेवटी एक जादा स्वल्पविराम राहिला तर इतर ब्राउझर दुर्लक्ष करायचे, हा पान कोरं ठेवायचा. पण माझ्या मते त्याचा सर्वोत्तम नमुना म्हणजे आठव्या-नवव्या आवृत्तीतला कन्सोल. प्रोग्रामर चूक शोधण्यासाठी कोडात जागोजागी टिपणं लिहायला सांगतो, ती कन्सोलमध्ये उमटतात. या आवृत्त्यांत तपासणीची खिडकी उघडी नसेल तर कन्सोल अस्तित्वातच नसायचा, आणि नसलेल्या गोष्टीवर लिहायला सांगितल्यामुळे सगळा नकाशा थांबायचा. मग आम्ही काय झालं ते बघायला खिडकी उघडायचो. उघडली की कन्सोल जन्माला यायचा आणि नकाशा चालू व्हायचा. फोनवरचे साहेब म्हणायचे, ‘‘हो, आता चालू झाला,’’ आम्ही फोन ठेवायचो, ते खिडकी बंद करायचे.

नव्या ब्राउझरांनी खोड्या सोडल्या नाहीत, फक्त सभ्य केल्या. साहेबांना बारीक दिसतं म्हणून ब्राउझर ११० टक्क्यांवर ठेवलेला असतो, तिथे नकाशाच्या तुकड्यांमध्ये केसाएवढ्या पांढऱ्या रेघा उमटतात, कारण तुकड्याची कड अर्ध्या पिक्सेलवर येते. लपवलेल्या टॅबमध्ये जन्मलेल्या नकाशाला स्वतःचा आकार कळत नाही, टॅब उघडल्यावर कोपऱ्यात एक तुकडा आणि बाकी राखाडी. त्याला पुन्हा एकदा आपली लांबी-रुंदी मोजायला सांगावं लागतं. २०१६ मध्ये क्रोमने ५० व्या आवृत्तीपासून साध्या एचटीटीपी पानांना फोनची जागा सांगणं बंद केलं. निर्णय योग्यच होता. पण गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना एका सकाळी जीपीएस बिघडल्यासारखं वाटलं, आणि दुकानदाराने काहींना फोन बदलायला सांगितलं.

व्हेक्टर नकाशे आले, चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे गेलं, तशी एक जुनी अडचण नव्या वेशात आली. ते कार्ड आकडे कमी अंकांनी धरतं. पुण्याचा आडवा आकडा ३८५७ मध्ये ८२ लाख मीटरच्या पुढे आहे. एवढ्या मोठ्या आकड्यात त्याला अर्ध्या मीटरपेक्षा बारीक पायरी मोजता येत नाही. जवळ जाऊन नकाशा सरकवला की गटांच्या हद्दी थरथरतात. विषुववृत्त आणि ग्रीनिच जिथे भेटतात तिथे हीच हद्द दगडासारखी स्थिर राहील. उपाय म्हणजे आकडे गावाजवळच्या एखाद्या बिंदूपासून मोजायचे, पृथ्वीच्या शून्यापासून नाही.

मराठीच्या वाट्याला मात्र दोन खास दुखणी आली. पहिलं आकड्यांचं. ब्राउझरला ‘मराठीत दाखव’ म्हटलं की तो १८.५२ असे देवनागरी अंक आपणहून लिहितो. छान दिसतात. पण आकडा भरायच्या चौकटीतला तो आकडा परत वाचायला गेलं की त्याच ब्राउझरची भाषा म्हणते, हा आकडा नव्हे. गंमत अशी, की हिंदी निवडली तर तो ठरवून काही सांगितल्याशिवाय इंग्रजी अंकच वापरतो. तपासणाऱ्यांनी भारतीय भाषा म्हणून हिंदी तपासली होती आणि पसंतीची खूण केली होती. प्रत्यक्षात मराठी वापरणाऱ्यांनी दुरुस्त केलेला प्रत्येक पाणवठा ‘आकडा नाही’ म्हणून निघाला, वाटेत त्याचं रिकामं झालं, सर्व्हरने रिकाम्याचं शून्य केलं, आणि गिनीच्या आखातात अगदी शून्यावर, एकावर एक, मराठी विहिरींचा ढीग साचला. ७६ मीटर बाजूला नव्हे, नेमका शून्यावर. त्यामुळे एककांचा संशय पहिल्याच मिनिटाला गळाला आणि हरवलेला आकडा शोधत चौकटीपर्यंत पोचता आलं.

दुसरं दुखणं अक्षरांचं, आणि ते अजून पुरतं बरं झालेलं नाही. जुने नकाशे गावांची नावं ब्राउझरकडून लिहून घ्यायचे. ब्राउझरला जोडाक्षरं येतात. ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या नकाशांत नाव एकेका अक्षराचं चित्र शेजारी ठेवत लिहिलं जातं. इंग्रजीला ते चालतं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते व्यंजनानंतर आणि उमटते आधी, त्यामुळे ‘रत्नागिरी’तली वेलांटी भलत्या अक्षराच्या अंगावर पडते, ‘अक्कलकोट’मधला क्क पाय मोडून उभा राहतो. कंत्राटदार याला किरकोळ म्हणतो, कारण त्याच्या प्रात्यक्षिकात नावं इंग्रजीत असतात. आम्ही काही ठिकाणी नावांचा थर वेगळा काढून पुन्हा ब्राउझरकडे दिला. नकाशा जरा जड झाला, सरकवताना नावं क्षणभर मागे राहतात, पण वाचता येतात. तलाठ्याला वाचता न येणारा वेगवान नकाशा मला नको आहे.

आता नवी कुठलीही लायब्ररी आली की तिला आधी आमची नावांची यादी देतो: त्र्यंबकेश्वर, अक्कलकोट, कऱ्हाड, ज्ञानेश्वरनगर, सिंधुदुर्ग, श्रीवर्धन. परवा आलेल्या एकीने त्र्यंबकेश्वर पहिल्या झटक्यात नीट लिहिलं, कऱ्हाडही बऱ्यापैकी. सिंधुदुर्गाचा रफार मात्र ‘ग’ सोडून ‘द’वर बसला होता. तसं कळवलं आहे, चित्र जोडून.